धोटा बँडचा उतरता सूर

सांगलीजवळच्या माधवनगरात हळू बोलणाऱ्या माणसाला लोक आजारी समजतात. दोन पिढ्या यंत्रमागांच्या शेजारी काढल्यावर माणसाचा घसा मोठा होतो आणि कान लहान. शेडमध्ये माग चालू असताना तर बोलून उपयोगच नसतो. तिथं नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे, आणि फारच अडलं तर बोटांनी सांगायचं. दोरा तुटला, मालक आला, जेवायला चल, सगळं बिनआवाजी. एखाद्याची चेष्टासुद्धा बिनआवाजी चालते आणि हसणाराही नुसतं पोट हलवून हसतो. बाहेरगावची सून नवीन आली की तिला वाटतं, या घरात सारखी भांडणं चालतात. वर्षभरात तीही तशीच बोलायला लागते.

अशा ठिकाणी एखाद्याचे कान गेले तर ते लक्षात कुणाच्या यायचं? भरतेशचे गेले, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. बराच काळ त्याच्याही नाही.

भरतेश हा सुकुमारअण्णांचा धाकटा. अण्णांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेडमध्ये माग चालवले. आई राजमती कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसणारं सुताचं छोटं रीळ, आणि धोटा म्हणजे मागावर उभ्या धाग्यांतून इकडून तिकडं पळत राहणारी ती लाकडी होडी. भरतेश लहानपणी सुताच्या गोणीवरच झोपायचा. उन्हाची तिरीप पत्र्याच्या भोकातून खाली उतरायची, तिच्यात कापसाचे तंतू पोहत असायचे, आणि खाली एवढा गदारोळ असूनही पोरगं गाढ असायचं. वीज गेली, माग थांबले, की मात्र दचकून जागं व्हायचं आणि रडायचं. राजमती अजून सांगते, "याला अंगाई नको होती, करंट पाहिजे होता."

मोठा झाल्यावर भरतेशनं विश्रामबागेत एका दुकानात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचं काम धरलं, आणि उरलेल्या वेळात बँड काढला. बँडचं नाव धोटा. त्यात तिघं. गिटारला कडेगावचा जयराज. घरचा ऊस, आणि हात बसलेला लग्नाच्या वरातीत, बेंजो पार्टीत. गायला ब्राह्मी. ती विश्रामबागेत मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची, आणि तिचा गळा तयार झाला होता बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, अभिषेकाच्या वेळची पदं म्हणून म्हणून. आणि तिसरा भरतेश. तो वाद्य कुठलंच वाजवत नसे. तो यंत्रांचे आवाज गोळा करायचा, कापायचा, जोडायचा, आणि शेवटी सगळं एकत्र बसवायचा. जयराज आणि ब्राह्मी जे काही आणून टाकतील त्याचं गाणं व्हायचं ते भरतेशच्या खुर्चीत. मिक्सिंगची ती खुर्ची दुकानातलीच होती, एक चाक मोडलेली. पण त्या खुर्चीत बसलं की भरतेशला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. एरवी तो दुकानात 'तो स्पीकरवाला' होता.

जयराजच्या आईला, मनुबाईला, हे प्रकरण समजावून सांगताना जयराज म्हणाला होता, "आई, इंडस्ट्रियल रॉक म्हंत्यात त्याला. कारखान्यावानी आवाज काढायचा."

"मग कारखानाच लाव की," मनुबाई म्हणाल्या. "तुमी तिघं कशाला पायजे?"

पहिल्या रेकॉर्डचं नाव 'खडखड', आणि तिच्याबद्दल मनुबाईंचं म्हणणं फारसं चूक नव्हतं. अण्णांच्या शेडमधले माग फोनवर रेकॉर्ड करून भरतेशनं ते एकावर एक रचले होते. त्यावर जयराजची गिटार पत्रा फाडल्यासारखी. त्यावर झांजा. जयराजनं बेंजो पार्टीतून आणलेली मोठी जोडी, आणि ती तो असा वाजवायचा की वरात निघाली नसून पळून चालली आहे. ब्राह्मीचा आवाज त्या सगळ्याखाली कुठंतरी होता. ती म्हणायची, "मी गायले एवढं मला आठवतं." इंटरनेटवर टाकल्यावर ते पुण्यातल्या काही पोरांनी ऐकलं, पोलंडमधल्या एकानं ऐकलं, आणि सांगलीत जवळपास कुणीच नाही. सांगलीकरांना तो आवाज फुकट मिळत होता.

मग करोना आला, आणि त्याच्याबरोबर मास्क आले. लोकांचे ओठ झाकले गेले, आणि त्या दिवशी अर्धं माधवनगर बहिरं झालं. दूधवाला किती लिटर विचारतोय कळेना. अण्णा आणि त्यांचे मित्र कट्ट्यावर लांब लांब बसून एकमेकांना "काय?" एवढंच विचारायचे. लोक हसायचे. भरतेशही हसला. मग दुकानात एक गिऱ्हाईक आलं, मास्कमागून बरंच काही बोललं, आणि भरतेशला कळलं की आपल्याला नुसतं कुजबुजल्यासारखं येतंय, शब्द नाहीत. अण्णांचं वय सत्तरीचं होतं. याचं तिशीच्या अलीकडचं.

तो कुणाला न सांगता मिरजेला गेला. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं त्याला काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक आवाज सोडले. बराच वेळ भरतेश वाट बघत बसला की सुरू कधी होणार. बाहेर आल्यावर तिनं हवेत बोट फिरवून दाखवलं. खालचे आवाज इथंपर्यंत ठीक, सपाट रस्ता. मग इथं एकदम घाट. आणि घाटापलीकडचे वरचे, बारीक आवाज सगळे गेलेले.

"परत येतं का?" त्यानं विचारलं.

"नाही. आणि हा घाट अलीकडं सरकत राहील. मोठ्या आवाजापासून लांब राहा. काय करता तुम्ही?"

"स्पीकर दुरुस्त करतो," भरतेश म्हणाला. बाकीचं सांगायला त्याला धीर झाला नाही.

बँडमध्ये तर त्यानं अवाक्षर काढलं नाही. सांगितलं असतं तर जयराज हळहळला असता, ब्राह्मीनं दहा चौकशा केल्या असत्या, आणि मग दोघांनी अगदी प्रेमानं त्याला खुर्चीतून उठवलं असतं. कान नसलेल्या माणसाला मिक्सिंगला कोण बसवतो? बाकी काहीही गेलं असतं तर त्यानं सोसलं असतं. खुर्ची नाही.

गंमत अशी की, जग त्याला वाईट वाटत नव्हतं. आधी गेल्या चिमण्या. मग कुकरची शिट्टी गेली. आई भात करपवते असं तो म्हणायचा आणि आई म्हणायची, तूच जवळ बसला होतास. मग कडेगावच्या उसातले किडे गेले. संध्याकाळी मळ्यात उभं राहिलं की पूर्वी सगळं रान किरकिरायचं. आता ऊस नुसताच हलायचा, पाण्याखालच्या शेवाळासारखा, आणि वारा दिसायचा पण ऐकू यायचा नाही. भरतेशला वाटलं, औषधं मारून मारून लोकांनी किडे संपवले. त्यावर त्यानं जयराजला एक छोटं भाषणही दिलं. जयराजनं कान टवकारले, आजूबाजूला बघितलं, आणि हा शहाणा माणूस काहीतरी खोल बोलत असणार म्हणून मान हलवली.

खाली मात्र गर्दी होती. जे आवाज पूर्वी इतरांच्या पायाखाली असायचे ते आता अंग मोकळं करून बाहेर आले. ट्रान्स्फॉर्मरचा घुमारा. विहिरीवरच्या मोटारीचा पाण्यातून वर येणारा गुर्र. पुलावरून ट्रक गेल्यावर बराच वेळ दगडात राहणारं काहीतरी. हे ऐकताना भरतेशला पुन्हा सुताच्या गोणीवर झोपल्यासारखं व्हायचं.

दुसरी रेकॉर्ड झाली 'गळीत'. हंगाम चालू असताना जयराजच्या ओळखीनं त्यांना एका साखर कारखान्यात जाता आलं. साखळ्या, बॉयलर, उसाच्या मोळ्या कोसळतानाचा धबका. भरतेशनं ते सगळं ओढून लांब केलं, इतकं संथ केलं की जयराज म्हणाला, "गड्या, ह्यो कारखाना हाय का हत्ती झोपलाय?"

"झांजा काढूया," भरतेश म्हणाला.

"का रं?"

"उगाच चकाकतात." खरं कारण असं होतं की त्याला झांज आता नुसती हलताना दिसायची.

जयराजनं झांजा काढल्या. गिटारीच्या खालच्या दोन तारांवर वाजवायला लागला. ब्राह्मीला भरतेशनं सांगितलं, खर्जात गा. ती गायली. रेकॉर्ड बाहेर पडली आणि पुण्याच्या एका जाणकारानं इंटरनेटवर लांबलचक लिहिलं की, हा बँड प्रौढ झाला आहे, यांनी तारस्वराचा मोह सोडला आहे, यामागं निश्चित एक विचार आहे. ते वाचून जयराज आणि ब्राह्मीनं भरतेशकडं अशा नजरेनं बघितलं की, गड्या, हे आधी सांगायचंस तरी. भरतेशचा मोह सुटला नव्हता. तारस्वरच त्याला सोडून गेला होता. पण कौतुक अंगावर पडल्यावर ते झटकून टाकणारा माणूस आपल्याकडं अजून जन्मायचाय.

तिसऱ्या रेकॉर्डला तिघांनी मिळून नाव दिलं 'तळ'. नदीकाठचे पंप, बोअरवेल, भरतेशचे ते सगळे तळातले मित्र. आठ गाणी व्हायची होती, सात झाली, आणि आठव्याच्या वेळी ब्राह्मी अडून बसली.

"पहिल्या रेकॉर्डमध्ये मला पुरलंत," ती म्हणाली, "दुसऱ्यात विहिरीत सोडलंत. आता शेवटच्या गाण्यात मी माझ्या पट्टीत गाणार, वर. बस्तीत गाते तशी. आणि ते ऐकू आलं पाहिजे."

"येईल की," भरतेश म्हणाला. याशिवाय काय म्हणणार?

ती गायली, आणि भरतेशला ती वर गेल्यावर दिसेनाशी झाली. टेकडी चढून पलीकडं उतरलेल्या माणसासारखी. रविवारी बंद दुकानात तो एकटा खुर्चीत बसला आणि तिला शोधत राहिला. आवाज वाढवला. वरचा भाग आणखी उचलला. पुन्हा उचलला. दुपारभर असं करता करता शेवटी एक तार लागली, केसाएवढी बारीक, रुपेरी, जवळजवळ स्वप्नात ऐकल्यासारखी. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सापडली. त्यानं ते गाणं तिथंच पक्कं केलं.

ऐकायचा कार्यक्रम कडेगावला ठरला, जयराजच्या मळ्यात, विहिरीजवळच्या खोलीपुढं. बेंजो पार्टीचे दोन मोठे स्पीकर बाहेर काढले. मनुबाई शेंगा फोडत बसल्या. बाजेवर जयराजचा थोरला भाऊ नाथाजी होता. नाथाजी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आणि ऐकायचं ते सगळं त्यानं सरहद्दीवर ऐकून टाकलेलं. कुत्रं स्पीकरच्या सावलीत झोपलं होतं.

शेवटच्या गाण्याची सुरुवात छान झाली. पंप घुमला, बॉयलर आला, गिटार त्यांच्याखाली सरपटत गेली. जयराज मान डोलवत होता. मग ब्राह्मीचा आवाज यायची वेळ झाली. भरतेशनं डोळे मिटले. आली. ती बारीक तार अंधारातून चालत आली आणि त्याच्या कपाळापाशी थांबली. किती वेळ तो तसाच बसला.

डोळे उघडले तेव्हा कुत्रं शेपूट घालून उसात शिरत होतं. मनुबाईंनी दोन्ही कानांत बोटं घातली होती. जयराज पोटात दुखत असल्यासारखा वाकला होता. ब्राह्मीचे हात कानांवर होते, पण ती स्पीकरकडं बघत नव्हती, भरतेशकडं बघत होती. सबंध मळ्यात दोनच माणसं सुखात होती. एक भरतेश, आणि दुसरा बाजेवर पाय हलवत बसलेला नाथाजी.

जयराजनं झडप घालून ते बंद केलं.

"झ्याक झालंय गड्या," नाथाजी म्हणाला. "फकस्त शेवटाला बाईमाणसाचा आवाज जरा मोठा पायजे हुता."

"कानात दाभण घातल्यावानी झालं माज्या," मनुबाई म्हणाल्या, "आन ह्येला आणि मोठा पायजे."

"स्पीकर गेलाय," भरतेश घाईनं म्हणाला. "वरचा भाग फाटतोय त्याचा. मी बघतो." या बाबतीत त्याचा शब्द कुणी मोडत नसे. जयराज लगेच पाना शोधायला खोलीत गेला. भरतेश स्पीकरपुढं वाकून बसला आणि उगाच एक वायर काढून पुन्हा लावली. ब्राह्मी त्याच्याकडं पाठ करून उसाकडं बघत उभी राहिली होती. बराच वेळ. मग ती वळली.

"मी काय विचारलं?" ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ता. तीनदा."

भरतेशनं वायर हातातून सोडली. नाथाजीनं त्याच्याकडं नीट निरखून बघितलं, आणि आपल्या पलटणीचा माणूस ओळखावा तसा म्हणाला, "कवापासनं रं?"

भरतेशनं सांगितलं. मास्क, मिरज, घाट, सगळं. जयराज पाना हातात घेऊन दारात ऐकत होता. पहिल्यांदा त्याला हसू आलं, मग ते थांबलं.

"झांजा तेवढ्यासाठी काढल्यास व्हय?"

"होय."

"आरं, मी त्या इकल्या की. विचार हाय म्हनून, प्रौढ झालो म्हनून." तो ओट्यावर बसला. "आन त्ये किडं? औषधानं मेले म्हणून मला भाषान ठोकलंस. मी म्हनलं, एवढी किरकिर चाललीय, ह्यो काय बोलतोय."

मग जयराजनं पाना खाली ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "मिक्सिंगला पुन्यात कोनतरी बघाया लागंल मग."

हेच वाक्य इतकी वर्षं भरतेश मनातल्या मनात ऐकत आला होता. प्रत्यक्षात ते अगदी साफ ऐकू आलं. जयराजचा आवाज पहिल्यापासून खर्जातला. भरतेश म्हणाला, "बघा." आणि विहिरीकडं तोंड करून बसला.

"पुण्याचा माणूस वरचं करेल," ब्राह्मी म्हणाली. आता ती त्याच्या समोर येऊन बोलत होती. "खालचं कोण करणार? त्या पंपाच्या पोटात काय काय आहे ते मला ऐकू येत नाही. जयराजला पण नाही. खोटं आहे का?"

"न्हाई बा," जयराज म्हणाला. "मला समदं गुरगुरच वाटतंय. ह्यो म्हंतो चार सूर हायती, आमी हाय म्हनतो."

"मग वाटनी करा की," नाथाजी बाजेवरून म्हणाला. त्याला यात अवघड काय ते कळेना. "आमचं भावाभावाचं रान बगा. वरला तुकडा माजा, खालचा जयराजचा. मदी बांध. पानी येकाच हिरीचं."

"आवं दादा, गान्याला बांध कसा घालायचा?"

"त्ये तुमी बगा. मला हवालदार म्हनून घेतला हुता, विंजनेर म्हनून न्हाई."

मनुबाईंनी शेंगांची टोपली बाजूला सारली. "आदी जेवा. दिस कलला म्हंजी ह्यी दोगं तोंडात घास घालायची न्हाईत. कांदा-लसूण घातलेला न्हाई. पोटात भाकरी गेली की मग काय त्यो बांध घाला."

जेवण झालं. सूर्य अजून उसाच्या शेंड्यांवर होता. ब्राह्मीनं लॅपटॉपवर एक सरळ सूर लावला आणि तो हळूहळू चढवायला लागली. भरतेशनं ऐकू येतंय तोवर बोट वर धरायचं, बंद झालं की खाली. तो डोळे मिटून बसला. सूर खालून निघाला, मोटारीसारखा, मग माणसासारखा, मग पाव्यासारखा, आणि बारीक होत होत एका जागी निघून गेला. बोट वरच राहिलं.

"भरतेश," ब्राह्मीनं त्याच्या गुडघ्याला हात लावला. "मी कधीच बंद केलाय."

"बांध कोरतोय त्यो," जयराज म्हणाला. "अस्सल शेतकरी झालास की रं. दर साली नांगराच्या एका तासानं सरकवायचा, व्हय?"

भरतेश हसला. त्या दिवशीचं पहिलंच. पुन्हा सूर लागला, आणि या वेळी त्यानं बोट जिथं खाली यायचं तिथंच खाली आणलं. ती जागा त्याला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच खाली निघाली. ब्राह्मीनं पडद्यावर तिथं रेघ मारली. रेघेच्या वरचं तिचं, खालचं त्याचं.

"ही रेघ खाली येत राहणार," तो म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलंय."

"मग दर रेकॉर्डला नवी मोजणी," ती म्हणाली. "तुझ्यासमोर. मी तुझं रान चोरणार नाही, आणि तूही बोट वर धरून बसायचं नाही."

पुढच्या रविवारी दुकानात त्या मोडक्या चाकाच्या खुर्चीच्या जागी एक लांब बाक आला होता. दोघं शेजारी बसली. जयराज दारात चहाचे कप घेऊन उभा राहिला. भरतेशनं खालचं सगळं लावून घेतलं. कुठला पंप पुढं, कुठला मागं, बॉयलरनं श्वास कुठं घ्यायचा. मग माउस ब्राह्मीकडं सरकवला आणि हात मांडीवर ठेवले. ते हात मांडीवर ठेवून बसणं त्याला फार जड गेलं.

"कमी केलंस?"

"केलं."

"किती?"

"लागेल तेवढं. बघ गप."

ती रुपेरी तार गेली. ती त्यानं स्वतःच ओढून काढलेली तार होती, ब्राह्मी तशी गातच नव्हती, हे त्याला आता कळत होतं. गाण्यात त्याच्यासाठी फक्त खालचं रान उरलं. पाणी भरलेलं, काळं, संथ. वर ती गात होती. ते जयराजच्या चेहऱ्यावरून समजत होतं. चहाचा कप त्यानं अर्ध्यात धरून ठेवला होता आणि त्याच्या तोंडावर झोपेतल्यासारखं काहीतरी पसरलं होतं. भरतेश थांबून राहिला. घरातलं माणूस लांब कुठंतरी गेलेलं असावं, आणि येणार हे नक्की असावं, पण कधी ते माहीत नसावं, तसा.

शेवटच्या ओळीत ब्राह्मी उतरायला लागते. एकेक सूर सोडत, घाई न करता. आणि एका जागी, रेघ ओलांडून, तिचा आवाज भरतेशच्या रानात आला. बारीक नाही, टोचणारा नाही. जसा आहे तसा, भरलेला, थोडा दमलेला. पंपाच्या घुमाऱ्याशेजारी तो येऊन बसला.

"आली?" ब्राह्मीनं त्याच्याकडं वळून विचारलं.

"आली," भरतेश म्हणाला, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.